घर कुणाच्या नावावर?



दिवाळी झाली की आमच्या शेवगाव तालुक्यातल्या कितीतरी वस्त्या ओस पडल्यासारख्या वाटतात. ट्रकवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरे घालून माणसे ऊसतोडीला निघतात. मागे राहतात म्हातारी माणसे, दाराची कुलपे आणि जोत्यापर्यंत येऊन थांबलेली घरकुले. सरकारी घरकुलाचे पैसे बांधकामाच्या टप्प्याने मिळतात. इतके काम झाले की इतका हप्ता. घरातली दोन्ही कर्ती माणसे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत राहात असतील तर पुढचा टप्पा आपोआप पुढच्या उन्हाळ्यावर जातो.

अशाच एका घरी मी उन्हाळ्यात बसले होते. भिंती उभ्या होत्या, वर छप्पर यायचे होते. पाया तिने नवऱ्याबरोबर खणला होता. वाळू चाळली, गवंड्याच्या हाताखाली विटा दिल्या, लांबून डोक्यावर पाणी आणून भिंतींना मारले. माहेरचा भाऊ आठ दिवस राबून गेला, शेजारणींनी एक दिवस घमेली उचलली. हे सगळे तिने मला हौसेने सांगितले. मग मी विचारले, "घर कुणाच्या नावावर?"

"मालकांच्याच की, ताई. म्हंजी जागा मामंजींच्या नावावर हाये. पर घर आपलंच हाये."

मंजुरीचा कागद मात्र तिच्या नावाचा होता. पैसेही तिच्याच खात्यावर येत होते. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल पत्नीच्या किंवा पतिपत्नी दोघांच्या नावाने द्यावे असा नियम आहे, आणि त्याआधीच्या इंदिरा आवास योजनेतही तो होताच. म्हणजे सरकारदरबारी ती लाभार्थी. पण ज्या जागेवर भिंती उभ्या आहेत ती सासऱ्याची, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर नावही त्याचेच. उद्या नवऱ्याने दुसरी आणली, किंवा त्याचे काही बरेवाईट झाले आणि दीर-जावेशी बिनसले, तर तिच्या हातात काय उरते? एका जुन्या मंजुरीचा कागद.

या अंकासाठी 'लोकांनी मिळून बांधलेली घरे' हा विषय ठरला तेव्हा माझ्या मनात ही बाई होती. त्यामुळे ज्या ज्या प्रयोगाबद्दल वाचले, तिथे मी एकच गोष्ट शोधत गेले: बाईच्या श्रमाची नोंद कुठे झाली, आणि ती नोंद पुढे घराच्या कागदापर्यंत पोचली का?

'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था 1976 साली अमेरिकेत मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने सुरू केली. भारतात ती 1983 पासून आहे. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. घर फुकट मिळत नाही. ज्या कुटुंबाला घर हवे त्याने स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही घरावर ठरावीक काम करायचे. बाहेरून आलेले स्वयंसेवक त्यांच्या बरोबरीने, जाणत्या कारागिरांच्या हाताखाली राबतात. घराच्या खर्चावर संस्था नफा घेत नाही. कुटुंब तो परवडेल अशा हप्त्यांनी फेडते आणि त्या पैशातून पुढची घरे उभी राहतात. देशोदेशी तपशील बदलतो, गाभा हाच. 2006 च्या ऑक्टोबरअखेरीस लोणावळ्याजवळच्या मळवलीत आठवडाभर असे काम चालले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन यांच्या नावाने दरवर्षी होणारा हा उपक्रम होता आणि 100 घरे बांधायची होती. हॉलिवूडचे नटही घमेली घेऊन उभे राहिले. वर्तमानपत्रांना तेवढेच दिसले, आणि खरे सांगायचे तर मलाही तेव्हा तो सगळा प्रकार थोडा दिखाऊच वाटला होता.

आज त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे कुटुंबाचे श्रम मोजले जातात. किती तास, किती दिवस, याचा हिशेब राहतो आणि तो घराच्या किमतीत कुटुंबाचा वाटा म्हणून धरला जातो. आपल्याकडे अशा कामाला आपण श्रमदान म्हणतो. शब्द चांगला आहे, पण बाईचे जवळजवळ सगळेच श्रम आधीपासून दानात जमा असतात. स्वयंपाक दान, पाणी दान, भिंतीला मारलेले पाणीही दान. दानाची पावती कोण मागणार?

आता आपल्या जवळचे, सोलापूरचे उदाहरण घ्या. तिथे विडी कामगार बायकांनी डाव्या कामगार संघटनेच्या आधाराने सहकारी गृहनिर्माण संस्था केली आणि वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. शहराजवळ कुंभारी येथे 10,000 घरे झाली आणि 1 सप्टेंबर 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. खर्चाचे तीन वाटे होते: केंद्राचा, राज्याचा आणि कामगार बाईचा स्वतःचा. पुढे त्याच वाटेने असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर उभे राहू लागले. त्यातली 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये लोकांना मिळाली.

सोलापुरात घराच्या मागणीवर बाईचा हक्क पहिल्यापासून स्पष्ट का राहिला? मला त्याचे कारण फार साधे वाटते. विडी वळते ती बाई, आणि विडी कामगाराचे ओळखपत्रही तिच्याच नावाचे. संस्थेची सभासद ती, आपला वाटा भरणारी ती. नवऱ्याला विचारून तिचे नाव घालायचे अशी कुणाची मेहेरबानी नव्हती; तिच्या नावाशिवाय त्या योजनेला पायच नव्हता.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे नवराबायको मिळून 'एक कोयता'. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती पुरुषाच्या हातात, अंगठा त्याचा, हिशेब त्याच्याशी. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते. पण या धंद्याच्या हिशेबात ती स्वतंत्र कामगार म्हणून कुठे येतच नाही. अलीकडच्या वर्षांत ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. तिथे नवऱ्याबरोबर बायकोचेही वेगळे ओळखपत्र निघते आहे का, हे प्रत्येक गावात आपणच पाहिले पाहिजे. ते कार्ड घरापासून दूरचे वाटेल. सोलापूरकडे पाहिले की तसे वाटत नाही.

तालुक्यातल्या जुन्या बायकांना आणखी एक स्थलांतर आठवते. जायकवाडीचे धरण झाले, नाथसागराच्या पाण्याखाली शेवगाव तालुक्यातलीही गावे गेली. त्या वेळी मोबदला मिळाला तो खातेदाराला. ज्या चुली मोडल्या त्यांचे खाते कुठे नव्हते.

लातूर-उस्मानाबादच्या भूकंपानंतर, म्हणजे 30 सप्टेंबर 1993 नंतर, थोडे वेगळे घडले. उद्ध्वस्त गावांचे पुनर्वसन ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी केले. पण जिथे घरांना तडे गेले होते तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरण कुटुंबांनीच सरकारी मदतीतून करायचे होते. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यात गावच्या महिला मंडळांना उतरवले. संवाद सहायक म्हणून बायकांनी घरोघर जाऊन मदतीचे नियम सांगितले, काम कसे चालले आहे ते पाहिले. ज्या बाईला कालपर्यंत चावडीवर उभे राहता येत नव्हते ती इंजिनियरला प्रश्न विचारू लागली. हे कमी नाही. पण बांधकाम समजणे आणि मालकी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही चळवळीत आपण पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

आमच्याच जिल्ह्यात, संगमनेरला, 1988 साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली. टाकलेल्या बाईचा पहिला प्रश्न पोटगीचा असे म्हटले जाते. मला तो नेहमी छपराचा वाटत आला आहे. आज रात्री निजायचे कुठे? 26 ऑक्टोबर 2006 पासून, म्हणजे मळवलीत विटा रचल्या जाऊ लागल्या त्याच सुमारास, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा लागू झाला. मालकी असो वा नसो, बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क त्याने दिला. मोठीच गोष्ट. पण तो हक्क बजावायला बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि ती चढेपर्यंत ती घराबाहेर पडलेली असते. उताऱ्यावर नाव असेल तर तिला बाहेर काढताना निदान चारदा विचार होतो.

उताऱ्याबद्दल गैरसमज नको. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का दस्त नव्हे. तरीही गावात, बँकेत, पंचायत समितीत पहिल्यांदा तोच मागतात. पतिपत्नी दोघांची नावे त्यावर लावावीत, असे राज्याच्या ग्रामविकास विभागाने 2003 सालीच सांगितले आहे. आता ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम आले आहे. तिथे जुन्या उताऱ्यावरचे एकटे पुरुषाचे नाव उचलून नव्या कागदावर गेले, तर ते बदलणे आणखी कठीण होईल. म्हणून घाई आहे.

ज्या संस्था लोकसहभागातून घरे बांधतात, बांधू इच्छितात, त्यांच्याशीही आपण बोलले पाहिजे. पाया खणण्याआधी जागेचा कागद पाहा. जागा सासऱ्याची असेल तर आधी ती दोघांच्या नावाने करून घ्या, मग विटा आणा. कामाच्या वहीत 'कुटुंब' असे लिहू नका, तिचे नाव वेगळे लिहा. 2016 च्या घरकुल योजनेतही सपाट भागात 90 दिवसांची मजुरी रोजगार हमीतून धरलेली होती. त्या मस्टरवर घरोघरी कुणाचे नाव लागले ते काढून पाहण्यासारखे आहे. यावर काही मैत्रिणी म्हणतात, एवढा आग्रह धरला तर कुटुंबे पाठ फिरवतील, घरच होणार नाही. ही भीती मी खोटी म्हणत नाही. एका गावात असा आग्रह धरल्यावर म्हातारे सासरे दोन महिने रुसून बसले होते. शेवटी सुनेने नव्हे, त्यांच्याच लेकीने माहेरी येऊन त्यांना समजावले. तिच्या सासरी तिचे नाव नव्हते.

टोळ्या साधारण मार्च-एप्रिलला परत येतात आणि 1 मेला ग्रामसभा असते. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच होते. यंदा ती खरोखर भरवा. येताना प्रत्येकीने घराचा नमुना 8 चा उतारा, घरकुल मंजुरीचा कागद आणि दोघांची नावे लावण्याचा अर्ज आणावा. अर्जाचा मसुदा आमच्याकडे आहे, लिहिता न येणाऱ्यांना भरून देऊ. उतारा घरच्या पेटीत कुलपात असेल तर ग्रामपंचायतीत फी भरून नक्कल मिळते, ती सभेच्या आठ दिवस आधी मागा.