‘मॉर्गेज’ : मेलेले नेमके कोण?

घरकर्जाच्या कागदांत ‘मॉर्गेज’ हा शब्द आपण न अडखळता वाचतो. त्याच्या स्पेलिंगमधला ‘टी’ इंग्रज माणूस उच्चारत नाही. पण सगळा अर्थ त्या मुक्या अक्षरापाशीच आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा जोडशब्द. ‘मॉर्ट’ म्हणजे मृत, ‘गेज’ म्हणजे तारण.

मृत कोण? बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या ग्रंथात याचे उत्तर आहे. सावकाराच्या ताब्यातील जमिनीचे उत्पन्न कर्जातून वजा होत असेल तर गहाण जिवंत. उत्पन्न सावकाराच्या घशात आणि कर्ज जागच्या जागी, तर ते मृत. (आपल्याकडचे कब्जेगहाण आठवावे.) एडवर्ड कोकने १६२८ साली निराळेच सांगितले : पैसे फिटले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फिटले तर धनकोला. मरण तारणावरून हक्कावर सरकले.

पुढे चॅन्सरी न्यायालयाने मुदत उलटल्यावरही जमीन सोडवण्याची वाट ठेवली, आणि सोडवणुकीचा हक्क आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमात आला. तो फुकटचा नव्हे. त्याआधी सातच वर्षे पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले होते.

आता २००२ चा सरफेसी कायदा. कोर्टाची पायरी न चढता बँक ६० दिवसांची नोटीस देते, मग ताबा, मग लिलाव. शेतजमीन वगळली आहे. घर, गाळा नाही. आधी विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीने ही मुदत लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आणली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

बोली लावणाऱ्याला भरवसा हवा, हे बँकेत आयुष्य काढलेल्या मला कळते. पण दागिने मोडणे, मेहुण्याकडे शब्द टाकणे हे सारे बहुधा ती बारीक टायपातली नोटीस छापून आल्यावरच सुरू होते. तोवर हक्क गेलेला असतो. लिलावाच्या आदल्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम भरणाऱ्याला घर परत द्यावे, एवढी दुरुस्ती संसदेने करावी. तेव्हा कोणाची बोली मंजूर झालेली नसते, आणि अनामत परत करता येते.