शिनोलीची दुपार

बँकेत मी घड्याळाला देव मानले. दोनला काउंटर बंद म्हणजे बंद! एकदा डोंगरातून चालत आलेले एक बाबा पाच मिनिटे उशिरा पोचले. मी त्यांना परत पाठवले.

गेल्या डिसेंबरअखेर शिनोलीत नातवासाठी अंगणात काठी रोवली. बाराला सावली सर्वांत आखूड होईल, असे ठणकावून सांगितले. झाली ती बारा पस्तीसच्या सुमारास! आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाचे, शिनोली ७३.८ वर, आणि एका अंशामागे सूर्याला चार मिनिटे लागतात. १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. तो हट्ट आता मला वेडगळ वाटत नाही.

रेल्वेला एकच वेळ हवी, कबूल. पण हिवाळ्यात सातच्या शाळेसाठी पोरांना अंधारात का उठवायचे? २०२४ साली शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हटले. पाचवीतल्या पोरीचा सूर्य काय लवकर उगवतो?

आणि ते बाबा? सूर्याच्या हिशेबाने तेव्हा जेमतेम दीड वाजला होता.