तलवार परत आली. पाचूच्या हाराचे काय?

लंडनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या लिलावात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने मिळविली. वाहतूक, विमा आदी खर्च धरून या व्यवहारासाठी ४७ लाख १५ हजार रुपये लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तलवार मुंबईत दाखल झाली. त्याच सुमारास पिप्रहवा स्तूपातील रत्नांचा प्रश्नही गाजला. १८९८ साली उत्खननात सापडलेल्या या रत्नांचा हाँगकाँगमध्ये मे २०२५ मध्ये होणारा लिलाव भारत सरकारच्या कायदेशीर नोटिशीनंतर पुढे ढकलण्यात आला. पुढे एका भारतीय उद्योगसमूहाने ती रत्ने विकत घेतली आणि जुलैअखेर ती मायदेशी आली. परदेशात गेलेला वारसा परत मिळू शकतो, हे या दोन घटनांनी दाखवून दिले.

तथापि या दोन्ही यशांत एक समान धागा आहे. तलवारीच्या पात्यावर रघुजींचे नाव देवनागरीत कोरलेले होते. पिप्रहव्याची रत्ने कोठे, कधी आणि कोणाला सापडली याची लेखी नोंद होती. म्हणजे वस्तूला ओळखपत्र होते, म्हणून तिच्यावर हक्क सांगता आला किंवा निदान तिच्यासाठी बोली लावता आली. मराठी राजघराण्यांच्या जवाहिराची, विशेषतः पाचूंच्या हारांची स्थिती नेमकी उलट आहे. पाचूवर धन्याचे नाव नसते. हार उसवला, खडे वेगळे झाले आणि नव्या कोंदणात बसले की त्याचा इतिहास संपतो. वारशाच्या चर्चेत शस्त्रांना जे स्थान मिळाले ते दागिन्यांना का मिळाले नाही, याचे उत्तर या साध्या वस्तुस्थितीत दडले आहे.

परदेशी खडा, देशी दागिना

पाचूचा इतिहास हा मुळातच स्थलांतराचा इतिहास आहे. हिऱ्यासाठी जगाने शतकानुशतके भारताकडे पाहिले. पाचूच्या बाबतीत मात्र भारत हा नेहमीच गिऱ्हाईक राहिला. राजस्थानातील पाचूच्या खाणींचा शोध १९४३ साली लागला. त्यापूर्वीचा उत्तम पाचू बाहेरूनच येई. संस्कृत रत्नशास्त्राने ‘मरकत’ म्हणून त्याला नवरत्नांत स्थान दिले, बुध ग्रहाशी त्याचे नाते जोडले. परंतु प्राचीन काळी इजिप्तच्या खाणींतून आणि वायव्येकडील स्वात खोऱ्यातून येणारा माल थोडा आणि बहुधा लहान आकाराचा होता.

हे चित्र सोळाव्या शतकात पालटले. स्पॅनिश लोकांनी कोलंबियातील चिव्होर आणि मुझो येथील खाणी ताब्यात घेतल्या आणि पूर्वी कोणी पाहिले नव्हते इतके मोठे, गडद हिरवे पाचू बाजारात आले. हा माल युरोपमार्गे पोर्तुगीजांच्या गोव्यात, तसेच पॅसिफिक महासागर ओलांडून मनिलामार्गे आशियात येऊ लागला. गोव्यात वास्तव्य केलेला फ्लेमिश जवाहिऱ्या जॅक द कूत्र विजापूरच्या आदिलशाहीपासून मोगल दरबारापर्यंत रत्नांचा व्यापार करीत हिंडला. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने तर पूर्वेकडे पाचूच्या खाणी आहेत, हा प्रचलित समज चुकीचा असल्याचे लिहून ठेवले. तरीही ‘जुन्या खाणीचा’ पाचू म्हणजे पौर्वात्य पाचू, अशी समजूत व्यापाऱ्यांत दीर्घकाळ टिकली. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तिचा निकाल लावला. खड्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्याची खाण ओळखण्याच्या या पद्धतीने निजामाच्या खजिन्यातील चार पाचू तपासले गेले. त्यांतील तीन कोलंबियाचे आणि एक अफगाणिस्तानातील पंजशीरचा निघाला.

खडा परदेशी असला तरी त्याचा दागिना मात्र अस्सल देशी होता. युरोपीय कारागीर पैलू पाडून चमक वाढवीत. येथील कारागिरांनी वजन राखण्याला महत्त्व दिले. नैसर्गिक षट्कोनी आकार शक्य तितका सांभाळून त्याचे मणी व लोलक केले गेले, त्यांवर फुले-पाने कोरली गेली, मोत्यांच्या सरांमध्ये ते ओवले गेले. कोरीव पाचूंपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेला २१७.८० कॅरटचा ‘मोगल पाचू’ हिजरी ११०७, म्हणजे इ. स. १६९५-९६ या सालचा आहे. त्या काळात औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यात होती. खड्यावर शिया पंथीयांची प्रार्थना कोरलेली असल्याने तो सुन्नी बादशहासाठी नव्हे, तर दुसऱ्याच कोणा धनिकासाठी घडविला गेला असावा, असे अभ्यासक मानतात. तारीख आहे, प्रार्थना आहे, पण मालकाचे नाव नाही. जगातील सर्वांत नामांकित कोरीव पाचूची ही कथा, तर साध्या मण्यांच्या हारांची काय असेल, याची कल्पना करता येते.

पुण्याहून गेलेले जवाहीर

मराठी राज्यकारभारातील अठरा कारखान्यांत जवाहीरखान्याचा समावेश होता. शिरपेच, तुरा, कंठी, चौकडा ही केवळ शोभेची लेणी नव्हती. वस्त्रे आणि जवाहीर देणे-घेणे हा राजकीय मानमरातबाचा भाग होता. खजिना रिकामा झाला की तेच जवाहीर तारण म्हणून सावकाराकडे जाई. त्यामुळे पेशवाईतील रत्ने एकाच वेळी प्रतिष्ठाही होती आणि रोकडही.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि या संचयाची पांगापांग झाली. त्र्यंबकेश्वराशी संबंध सांगितला जाणारा ‘नासक’ हिरा दख्खनच्या लुटीचा भाग म्हणून लंडनला गेला. सुमारे ९० कॅरटचा हा हिरा वेळोवेळी नव्याने पैलू पाडल्यामुळे आज ४३.३८ कॅरटचा उरला आहे. दुसऱ्या बाजीरावाबरोबर जे जवाहीर ब्रह्मावर्तास गेले, त्याचा वारसा दत्तकपुत्र नानासाहेबांकडे आला. १८५७च्या उठावानंतर नेपाळात आश्रय घेतलेल्या या कुटुंबाचे काही जडजवाहीर जंगबहादूर राणा यांनी विकत घेतले. मोती, हिरे आणि पाचू यांनी घडविलेला ‘नौलखा’ हार त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध होय. पर्सिव्हल लँडन यांच्या १९२८ सालच्या ‘नेपाळ’ या ग्रंथात त्याची हकीकत आली आहे. पुढे तो दरभंग्याच्या महाराजांकडे गेल्याचे सांगितले जाते. पुण्याच्या वैभवाची साक्ष देणारा हा हार पुणेकरांना आज ठाऊक आहे तो केवळ नावाने.

नागपूर संस्थान खालसा झाल्यावर भोसल्यांच्या जवाहिराची कलकत्त्यात विक्री झाली. ज्यांच्या हातून जवाहीर सक्तीने गेले नाही, त्यांच्याही दागिन्यांची मोडतोड टळली नाही. पुणे जिल्ह्यातील दावडीशी नाते असलेल्या गायकवाडांच्या बडोदा संस्थानाचे उदाहरण बोलके आहे. महाराणी सीतादेवी यांनी १९५३ मध्ये पाचू व हिरे जडविलेले पायांतील दागिने न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांना विकले. त्यांतील खड्यांचा गळ्यातला हार झाला आणि तो डचेस ऑफ विंडसर यांच्याकडे गेला. १९५७ मधील एका समारंभात तो हार पाहून, ही रत्ने आपल्या पायांत होती, असे सीतादेवींनी सांगितल्याची आणि डचेसने तो विन्स्टन यांना परत केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. हा किस्सा आजवर विनोद म्हणून सांगितला गेला. वास्तविक तो एका मराठी संस्थानिक दागिन्याचा मृत्युलेख आहे. पाचू शाबूत राहिले. दागिना मात्र नष्ट झाला.

बाजार कशाची किंमत करतो?

या मोडतोडीमागे अर्थकारण आहे. ‘मोगल पाचू’ २००१ साली लंडनमध्ये सुमारे २२ लाख डॉलरला विकला गेला. म्हणजे कॅरटमागे सुमारे १० हजार डॉलर. नोव्हेंबर २०२४ मध्ये जिनिव्हात आगाखान घराण्याशी संबंधित असलेला ३७ कॅरटचा पाचू सुमारे ९० लाख डॉलरला गेला. म्हणजे कॅरटमागे दोन लाख डॉलरहून अधिक. दोन लिलावांतील २३ वर्षांचे अंतर लक्षात घेतले तरी तफावत डोळ्यांत भरते. बाजार रंग, स्वच्छता, खाण आणि तेलाचा अंश पाहतो. इतिहासाला तो भाव देतो, पण इतिहास सिद्ध झाला तरच. मालकीची साखळी कागदावर नसेल तर तीनशे वर्षांपूर्वीचा भोक पाडलेला मणी हा बाजाराच्या दृष्टीने केवळ सदोष खडा ठरतो.

हा प्रश्न राजवाड्यांपुरता मर्यादित नाही. पुण्यातील जुन्या कुटुंबांत नथ, तन्मणी, कंठी, भिकबाळी अशा दागिन्यांत मोत्यांच्या जोडीला माणिक आणि पाचू असतात. सोन्याचे भाव चढले की हे दागिने मोडीत घालण्याचा मोह होतो. तेथे हिशेब सोन्याचा होतो. खडे आणि लाख यांचे वजन वजा केले जाते. मोड करताना दिलेल्या आचेत पाचू टिकत नाही. त्यात मुळातच सूक्ष्म भेगा असतात. त्या झाकण्यासाठी मुरविलेले तेल उष्णतेने निघून जाते आणि खडा निस्तेज होतो किंवा तडकतो. हॉलमार्कचा येथे उपयोग नाही. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेपुरता बोलतो आणि त्या वेळी कुंदन, पोलकी व जडावाचे दागिने त्यातून वगळण्यात आले.

कायद्याची मर्यादा

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ साली संमत झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तींना निर्यात करता येत नाहीत, ही त्यातील मुख्य तरतूद. परंतु नोंदणीची सक्ती प्रामुख्याने शिल्पे, चित्रे आणि चित्रित हस्तलिखिते यांवर केंद्रित झाली. शिवाय कायदा वस्तू देशाबाहेर जाण्यास मज्जाव करतो. घरातच ती मोडण्यास नाही. दागिना मोडून सुटे झालेले पाचू शंभर वर्षांपूर्वीच्या हारातले होते, हे कोणता सीमाशुल्क अधिकारी सिद्ध करणार?

शासनाने मनात आणले तर काय होते, याचे उत्तर हैदराबादने दिले आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९५१-५२ मध्ये जवाहिराचे विश्वस्त निधी स्थापन केले. प्रदीर्घ न्यायालयीन लढाईनंतर १९९५ मध्ये केंद्र सरकारने त्यांतील १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. कोलंबियन पाचूंचे हार त्यामुळे अखंड राहिले. हे नग बहुतांश काळ रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत राहिले आणि मोजक्याच वेळा प्रदर्शनात मांडले गेले, ही टीका रास्त आहे. तरीही ते आहेत, आणि त्यांची यादी आहे. निजामाचे जवाहीर वाचले ते त्याच्या किमतीमुळे नव्हे; विश्वस्तपत्राला जोडलेल्या यादीमुळे सरकारला काय घ्यायचे हे ठाऊक होते.

पुण्याकडे काय आहे?

येथेच पुण्याची भूमिका महत्त्वाची ठरते. पुण्याजवळ पेशव्यांचे हार नाहीत, पण कागद आहेत. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह यांत मोडी कागदपत्रांचे भांडार आहे. आजवर संशोधकांनी त्यांतून लढाया, तह आणि महसूल शोधला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३०च्या दशकात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हाही राजकीय इतिहास हाच मुख्य विषय होता. जवाहिराच्या खरेदीचे, तारणाचे, वाटणीचे हिशेब वेगळे काढून नगांची सूची केली, तर जगातील लिलावगृहांच्या याद्यांशी ती ताडून पाहता येईल. पात्यावरच्या नावाने जे काम तलवारीसाठी केले, ते हारासाठी जमाखर्चाच्या वहीतील एक ओळ करू शकते.

दुसरे काम कुटुंबांचे आहे. जुना दागिना मोडण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. त्यावर इतरांनी नैतिक अधिकार गाजवू नये. मात्र मोडण्यापूर्वी त्याची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेणे, वजन-मापे टिपणे, जुनी पावती किंवा वाटणीपत्र जपणे आणि रत्नपरीक्षकाकडून पाचू तपासून घेणे यांस फारसा खर्च येत नाही. राजा दिनकर केळकर यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा करून उभारलेला संग्रह १९६२ मध्ये शासनाला दिला. त्या संग्रहालयाच्या शहरात दागिने ठेवून न घेता केवळ त्यांच्या नोंदी स्वीकारणारी व्यवस्था उभी राहणे अवघड नाही. मालकांची नावे गुप्त ठेवली, तर चोरीची आणि कराची भीती हा त्यातील मोठा अडसरही दूर होईल.

शासनाने तलवारीसाठी दाखविलेली तत्परता स्वागतार्ह आहे. पण ती एका लिलावापुरती राहिली तर तिचा उपयोग मर्यादित ठरेल. परदेशी लिलावांवर लक्ष ठेवणारी कायमस्वरूपी समिती, खरेदीसाठी आगाऊ तरतूद आणि अभिलेखांतील जवाहिराची सूची ही तीन कामे एकत्र झाली पाहिजेत. उद्या एखाद्या लिलावात पेशवेकालीन पाचूंची कंठी आली, तर पैसा कदाचित उभा राहील. ती पेशव्यांचीच आहे, हे सांगणारा कागद मात्र लिलावाच्या आठवड्यात शोधून सापडणार नाही. तो आधीच वाचून ठेवावा लागेल, आणि मोडी वाचणारी माणसे आहेत तोवरच ते शक्य आहे.