नळ सामाईक, मोटर एकाची!

पाण्याच्या सामाईक लाइनला कुणी मोटर लावली तर आपण दार ठोठावतो. मग इंटरनेटच्या सामाईक लाइनवर अहोरात्र टोरंट चालते, तेव्हा हजिऱ्यातली आपण जुनी मराठी कुटुंबे गप्प का?

टोरंटमध्ये फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे इतरांकडे चढत असतात. चढती वाट तुंबली की पोचपावत्या अडकतात, सर्वांचेच डाउनलोड मंदावते आणि शेजारच्या मुलीचा ऑनलाइन वर्ग बंद पडतो. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट, अर्थात सेकंदाला जेमतेम ३२ किलोबाइट होते. आज वेग कितीतरी पट वाढला, तरी रड तीच! दोष वेगाचा नाही, हावेचा आहे.

अपलोडची मर्यादा निम्म्यावर ठेवा, मोठ्या फायली मध्यरात्रीनंतर उतरवा. आणि चोरीचा मराठी चित्रपट? तो मुळीच नको. आम्ही कारकून माणसे. उधळपट्टी चालेल, पण दुसऱ्याच्या खात्यातून नव्हे!