पुरळ उठलं? आधी गोळ्या आठवा

अंगावर पुरळ उठलं की घरात पहिला सवाल होतो, काल काय खाल्लं? वांगी, अंडी, मासे यांच्यावर आळ येतो. गेल्या पंधरा दिवसांत कोणती गोळी घेतली, हे कुणी विचारत नाही. आम्ही तेच आधी विचारायला सांगतो. औषधाचं पुरळ बहुधा लगेच येत नाही. नवं औषध सुरू केल्यावर 4 ते 14 दिवसांनी उठतं. तोवर अमॉक्सिसिलिनचा कोर्स संपलेलाही असतो, आणि दोष जातो बिचाऱ्या वांग्याला.

ओठावर किंवा हातावर गोल काळसर डाग, आणि तो दर वेळी त्याच जागी, ही खूण ध्यानात ठेवा. अंगदुखीची किंवा सल्फाची गोळी पोटात गेली की तो पुन्हा लाल होतो, आग होते. दुकानातून सुटी गोळी आणणाऱ्या घरांत असा डाग वर्षानुवर्षं ‘उष्णतेचा’ म्हणून खपतो.

ताप आधी आणि पुरळ नंतर, तर गोवर किंवा डेंगीही असू शकतो.

फिटसाठी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल नव्याने सुरू असेल, तर पहिले दोन महिने जपावं. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी दुखरी, असं दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, सकाळची वाट पाहू नका. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. आणि अब्बांना सल्फा चालत नाही, हे एकट्या अम्मीलाच नव्हे, मुलांनाही ठाऊक असू द्या.