बंदराचा गाळ सिमेंटच्या भट्टीत?

मुंबई बंदराच्या जलमार्गातून उपसलेला बराचसा गाळ ठरवून दिलेल्या जागी पुन्हा समुद्रातच टाकला जातो. ड्रेजरच्या तळाची दारं उघडली की काळा लोंढा खाली सुटतो. डोल लावणाऱ्या कोळ्यांची तक्रार जुनीच आहे: मासळीऐवजी जाळ्यात चिखल. हाच गाळ भाजून सिमेंटमध्ये घातला तर?

कल्पना हवेतली नाही. सिमेंटचा मुख्य घटक असलेल्या क्लिंकरसाठी भट्टी १४५० अंशांवर न्यावी लागते. चिकणमाती ७०० ते ८५० अंशांत भाजून होते. शिवाय चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड तिच्यात नसतो. भाजलेली माती आणि चुनखडी घातलेल्या एलसी-३ सिमेंटला २०२३ मध्ये भारतीय मानकही मिळाले.

पण त्या सिमेंटला केओलिनयुक्त माती लागते. सह्याद्रीच्या बेसाल्टची झीज होऊन खाडीत आलेल्या गाळात फुगणारी स्मेक्टाइट माती अधिक, आणि भाजल्यावर ती केओलिनइतकी कामाला येत नाही.

खरी अडचण मिठाची. ओल्या गाळात निम्मे वजन समुद्राच्या पाण्याचे धरले, तर किलोभर सुक्या गाळात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड उरते. असा न धुतलेला गाळ सिमेंटात २० टक्के घातला, तर क्लोराइड ०.३८ टक्क्यांच्या घरात जाते, मर्यादा ०.१ टक्का. सळई गंजायला आणखी काय हवे? धुवायचे म्हटले तर गोडे पाणी लागणार, आणि मुंबईचे पाणी बव्हंशी शहापूरच्या धरणांतून येते, जिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वाळवायला जागा हवी, इंधन हवे. ठाणे-बेलापूर पट्ट्याने खाडीत सोडलेल्या सांडपाण्यातले जड धातू, तो हिशेब वेगळाच.

दुसरीकडे वीजकेंद्रांची राख कोरडी मिळते आणि पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत चालते. ती हाताशी असताना कारखानदार गाळाकडे का वळेल? कोळसा कमी झाला की राखही आटेल, हे खरे. पण ते उद्याचे.

तरीही प्रयोग करावा, असे आमचे मत आहे. सुरुवात सळई नसलेल्या पेव्हर ब्लॉकपासून व्हावी. गोदीतला गाळ जलमार्गातल्या गाळात मिसळू नये, आणि प्रत्येक खेपेच्या तपासणीचे आकडे कोळीवाड्यांनाही मिळावेत. धुण्या-वाळवण्याचा खर्च बंदराने उचलावा, कारण गाळ त्याचा आहे. ‘गाळ आता कामाला येतो’ म्हणून जास्तीचा उपसा मंजूर होणार असेल, तर मात्र हा प्रयोग नकोच.