इरले बरे की छत्री?

यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती अनेक घरांतून एक खटला चालणार आहे. आरोपी घरचाच, पंचविशी-तिशीतला. पुण्याला नाहीतर बंगळूरला संगणकाच्या कंपनीत नोकरीला. गुन्हा असा की, सॉफ्टवेअर लिहिण्याचे पगारदार काम सोडून त्याला आता 'प्रॉडक्ट डिझायनर' व्हायचे आहे! काका चकलीचा तुकडा मोडीत विचारतात, "म्हणजे नेमकं काय करणार तू?" पोरगा सांगू लागतो, आणि दुसऱ्याच वाक्याला मावशी निकाल देऊन मोकळ्या होतात, "म्हणजे चित्रं काढणार! इंजिनियर झालास तो काय चित्रं काढायला?"

या खटल्यात मी आरोपीचे वकीलपत्र घेतो आहे. मला कोणी बोलावलेले नाही, हे खरे. मी सावळघाटापलीकडल्या पेठचा एक मास्तर. मॅट्रिकपुढे पदवी नाही. शाळेत मुले शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. संगणकाची एक ओळ मला लिहिता येत नाही. पण ज्यांच्यासाठी त्या ओळी लिहिल्या जातात अशा माणसांत मी रोज वावरतो. या खटल्यात साक्षीदार म्हणून कोणी बोलावत नाही ते त्यांनाच.

आधी मावशींच्या 'चित्रां'चा समाचार घेऊ. पूर्वी प्रॉडक्ट म्हटले की खुर्ची, पंखा, शिवणयंत्र असे काही डोळ्यांपुढे येई. आज मोबाईलवरचे अ‍ॅप हेही प्रॉडक्टच. प्रोग्रॅमर यंत्राला काय करायचे ते सांगतो. पण माणसासमोर आधी काय यावे, मग काय यावे, कोणत्या शब्दांत यावे, आणि बोट चुकले तर परतीची वाट कोणती, हे कोणी ठरवायचे? ते ठरवणे म्हणजे डिझाइन. रंग आणि चित्रे हा त्यावरचा शेवटचा हात.

आमच्या डोंगरातले इरले कधी पाहिले आहे? बांबूच्या कामट्यांची जाळी आणि तिच्यात पानांचा दाट थर. डोक्यावरून घेतले की ते पाठीवर कमरेपर्यंत उतरते. पावसात भाताची आवणी करणारी बाई कमरेत वाकलेली असते आणि तिचे दोन्ही हात चिखलात असतात. छत्री कितीही सुबक असो, ती उभ्याने चालणाऱ्या माणसाची. तिला एक हात द्यावाच लागतो. इरले वाकलेल्या माणसाचे आहे. ज्याने ते प्रथम घडवले त्याने आधी वाकलेली पाठ पाहिली आणि मग कामटी तासली. आता प्लास्टिकच्या कागदाने त्याची जागा बरीचशी घेतली असली, तरी तो कागदही बायका इरल्यासारखाच पाठीवरून घेतात. डिझाइनची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

मग या कामाला आपण नाके का मुरडतो? माझा आरोप असा की, मावशींचा राग चित्रांवर नाहीच, तो हातावर आहे. हुकूम लिहिणारा तो मोठा, वस्तू घडवणारा तो धाकटा, ही आपली जुनी उतरंड. सुताराने नांगराचा रुमणा शेतकऱ्याच्या मुठीला बसेल असा तासला, कुंभाराने माठाचा गळा कमरेवरच्या हाताला साजेल असा ओढला. पण त्यांच्या बुद्धीला बुद्धी म्हणायची आपली तयारी नव्हती. त्यांना बलुते दिले आणि वाड्याबाहेर बसवले. आजही कित्येक शाळांत परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला बहाल होतो आणि एकही पालक तक्रार करीत नाही. त्याच उतरंडीवर आपण आता संगणक मांडला आहे. कोड लिहितो तो वरच्या पायरीवर, आणि माणसाचा विचार करतो तो 'चित्रे काढणारा'!

परक्यांना हे आधी दिसले. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात तोंडभर कौतुक कशाचे होते? तांब्याचे! तो उचलता कसा येतो, कमरेवर बसतो कसा, त्यातून पाणी ओतता आणि तो घासता कसा येतो, याचे. त्याच अहवालातून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले, जे. जे. आणि जर्मनीतील उल्म येथे शिकलेल्या सुधाकर नाडकर्णींचा ते घडवण्यात मोठा वाटा. म्हणजे इंजिनियरांच्या बालेकिल्ल्यात ही विद्या नांदू लागली त्याला अर्धशतक उलटून गेले. तिथल्या पदव्युत्तर वर्गात इंजिनियर जातात ते 'सीड' नावाची देशव्यापी प्रवेशपरीक्षा देऊन. घर सोडून पळून नव्हे.

तुम्ही मोबाईलवर मराठी लिहिता ना? मग या मंडळींचे ऋण तुमच्याही डोक्यावर आहे. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी हे मूळ जाहिरातीच्या धंद्यातले कलादिग्दर्शक. पुढे पवईत प्राध्यापक झाले, मग संगणक संस्थेत गेले, आणि विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्या हातून उतरला. ते चित्राकडून संगणकाकडे आले. आमचा आरोपी संगणकाकडून चित्राकडे निघाला आहे. पूल एकच आहे. पवईच्याच प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या चमूने २०१३ च्या सुमारास 'स्वरचक्र' हा कळफलक काढला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत. 'क' दाबला की त्याच्याभोवती मात्रांचे चक्र उमटते. ज्याने शाळेत बाराखडी घोकली त्याला नवे काही शिकावे लागत नाही. ही युक्ती मुळात यंत्रातली नव्हे. ती मराठी माणसाच्या लहानपणातून उचललेली आहे.

आणि हा उलटा प्रवास केलेला थोर माणूसही आहे. अमेरिकेतला अ‍ॅलन कूपर हा पट्टीचा प्रोग्रॅमर. त्याने लिहिलेला एक प्रोग्रॅम १९८८ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतला आणि त्याच्या पायावर १९९१ साली व्हिज्युअल बेसिक उभे राहिले. एवढे झाल्यावर या गृहस्थाने काय करावे? १९९२ साली डिझाइनची पेढी काढली! तो सांगू लागला की, 'सर्वसाधारण वापरणारा' नावाचा माणूस जगात नसतो. एक नेमका माणूस, नावागावासकट आणि अडचणींसकट, डोळ्यांपुढे ठेवा आणि त्याच्यासाठी घडवा. वाचकहो, हे तर आम्हा कादंबरीकारांचे काम! फरक इतकाच की, आमचे पात्र फसले तर पुस्तक पडून राहते. यांचे पात्र फसले तर खरा माणूस अडून राहतो.

तो कसा अडतो ते पेठेत पाहावे. गेल्या हिवाळ्यात एका पाड्यावरच्या आजी एका योजनेचा अर्ज भरायला माझ्याकडे आल्या. मोबाईलवर पहिलाच प्रश्न: सदनिका क्रमांक. पुढे तांबडी चांदणी, म्हणजे उत्तर दिल्याखेरीज सुटका नाही. मग रस्त्याचे नाव. आजी म्हणाल्या, "गुरुजी, पाडा लिहा ना!" पाडा लिहायला जागाच नव्हती. कसेबसे शून्य टाकून पुढे गेलो, तर परवलीचे आकडे आजींच्या मुलाच्या फोनवर गेले. घरात फोन तेवढा एकच, आणि मुलगा द्राक्षांच्या बागेत कामाला, दिंडोरीकडे. त्याला फोन लागेपर्यंत पडद्यावर अक्षरे उमटली, 'वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.' आजी उठल्या. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता.

आता लक्षात घ्या, त्या प्रोग्रॅममध्ये एकही चूक नव्हती. त्याला जे सांगितले होते ते त्याने चोख केले. चूक झाली ती पहिली ओळ लिहिण्याच्या आधी, कारण अर्ज आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आजी नव्हत्या. आज तर कोड लिहायला खुद्द यंत्रेच पुढे सरसावली आहेत. पण 'पाडा लिहायला जागा ठेवा' हे त्यांना सांगायला कोणीतरी आजींशेजारी बसून आलेले हवे. ते बसायला जो निघाला आहे, त्याला तुम्ही खाली उतरला म्हणता?

इतका वेळ आरोपीची बाजू मांडली. आता आरोपीलाच दोन शब्द. बाबा रे, तुझ्या वयाचे पुष्कळजण सहा आठवड्यांचा वर्ग करून, प्रमाणपत्र भिंतीवर लावून डिझायनर झाले आहेत. कोपरे गोल केले, बटण हिरव्याचे निळे केले, नामांकित अ‍ॅपला कोणी न मागितलेला नवा साज चढवला, की झाली त्यांची विद्या! त्यांचा तो 'नेमका माणूस' वातानुकूलित खोलीत जन्मतो आणि तिथेच कागदावर मरतो. असा डिझायनर होणार असशील, तर मावशी म्हणतात ते खरे ठरेल आणि मी वकीलपत्र परत करीन.

पैशाची चिंता करणाऱ्या काकांची मात्र टिंगल नको. घराचा हप्ता, धाकटीचे शिक्षण ही खरी ओझी आहेत, आणि नव्या कामात पहिली काही वर्षे पुन्हा उमेदवारी करावी लागते. म्हणून नोकरीवर लाथ मारून निघण्याची मर्दुमकी नको. आहे त्याच कंपनीत, आहे त्याच वस्तूचे वापरणारे शोध, त्यांच्याजवळ जाऊन बस, कुठे अडते ते टिपून घे आणि आपल्या लोकांपुढे मांड. कोड लिहिल्याची वर्षे वाया गेली असेही समजू नकोस. लाकूड कुठे फाटते हे ज्याला माहीत, त्याच्याच हातची खुर्ची टिकते.

वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच की, पगार किती आणि हुद्दा काय हे खुशाल विचारा. पण त्याआधी पोराला हे विचारा की, ही वस्तू तू कोणासाठी घडवतो आहेस आणि त्याच्या ओसरीवर किती दिवस बसून आलास? उत्तर देताना तो अडखळला, तर जाऊ देऊ नका. त्याने एखाद्या माणसाचे नाव, गाव आणि अडचण सांगितली, तर मात्र वाटेत आडवे येऊ नका. छत्र्या विकणारे शहरात पुष्कळ आहेत. आमच्याकडे पाठी अजून वाकलेल्याच आहेत, आणि त्यांना इरले घडवणारा हवा आहे.